मुलीला छोटा भीम ओळखता येतो, आमदार ओळखता येत नाहीत

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्याच्या एका उपनगरात राहणारे हे वाचक ४१ वर्षांचे. १ मेच्या संध्याकाळी सोसायटीत महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता आणि 'ओळखा पाहू' ही फेरी त्यांच्याकडे होती. पडद्यावर आधी दहा कार्टून पात्रं आणि मग दहा नेते. पात्रं मुलांनी दहाच्या दहा ओळखली, तीही चित्र पुरतं उघडण्याआधी. नेत्यांपैकी चारच जमले: गांधीजी, टिळक, बाबासाहेब आणि सध्याचे पंतप्रधान. यशवंतराव चव्हाणांचा फोटो आल्यावर एक मुलगा म्हणाला, "आमच्या शाळेचे ट्रस्टी." संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे नेते एस. एम. जोशी यांच्या वेळी सगळे गप्प. मतदारसंघाचे आमदार तर मागे बसलेल्या मोठ्यांतल्याही दोघातिघांनाच ओळखता आले. वाचकांचे वडील, आप्पा, वय ७९, पहिल्या रांगेत बसले होते. लहानपणी वडिलांचं बोट धरून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना गेलेले. ते मधेच उठून घरी गेले आणि रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वाचकांनी घरात कार्टून बंद केलं आणि नऊ वर्षांच्या मुलीला रोज एक नेता पाठ करायला दिला. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पण बाबा, यांनी माझ्यासाठी काय केलं?" उत्तर सुचलं नाही म्हणून ते तिच्यावर ओरडले. पत्नीने त्यांनाच विचारलं, "आपला नगरसेवक कोण, सांग बरं." तिकडे कमिटीने पुढच्या वर्षी नेत्यांची फेरी काढून टाकायचं ठरवलंय, उगाच वाद नको म्हणून. वाचक विचारतात: "मी टोकाला जातोय, की खरंच आपण काहीतरी गमावतोय? मुलीचं काय करू आणि आप्पांना काय सांगू?"

उत्तर

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे. पत्नीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय तिच्या 'आपला नगरसेवक' या एकवचनावर तुमच्याही मनात शंका आलेली दिसत नाही. पुण्यात बहुतेक प्रभागांत नगरसेवक चार असतात. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. तुमचं पत्र वाचून मी माझ्या प्रभागातले चार आठवायला बसले. दोन आठवले, तिसरं नाव शेजारणीने सांगितलं आणि चौथ्यासाठी फोन उघडावा लागला. आणि मी २६ वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं आहे!

आता तुमच्या मुलीचा हिशेब मांडा. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, तेव्हा ती पाचेक वर्षांची असेल. पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे तिला आजूबाजूचं कळायला लागलं त्या काळात तिच्या गल्लीला नगरसेवक नव्हताच. त्या चार वर्षांत छोटा भीम मात्र एक दिवस रजेवर गेला नाही. कोण कुणाला का ओळखतं याचं अर्धं उत्तर मला इथेच सापडतं.

तुम्हाला वाटतंय की हे आपल्याकडेच, आत्ताच आणि मोबाइलमुळे झालं. तसं नाही. अमेरिकेत २००६ साली दोन पाहण्या झाल्या. एकीत एक हजार लोकांना विचारलं की सिम्पसन या कार्टून कुटुंबातल्या पाच जणांची नावं सांगा. २२ टक्के लोकांनी पाचही सांगितली. मग त्यांच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेली पाच स्वातंत्र्यं विचारली. पाचही सांगणारा हजारात एक निघाला. दुसऱ्या पाहणीत हिमगौरीच्या सात बुटक्यांपैकी दोघांची नावं चारातल्या तिघांना आली, पण सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची नावं चारातल्या एकालाच. त्याच पाहणीत हॅरी पॉटरला ५७ टक्क्यांनी ओळखलं आणि ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचं नाव ५० टक्क्यांना सांगता आलं. ब्रिटनमध्ये तर २००८ साली एका टीव्ही वाहिनीच्या पाहणीत ५८ टक्के लोकांना शेरलॉक होम्स खराखुरा माणूस वाटला आणि २३ टक्क्यांना विन्स्टन चर्चिल काल्पनिक. गांधीजी काल्पनिक वाटणारेही थोडे निघाले. अमेरिकेतले ते तर मोठे लोक होते, आणि २००६ साली मोबाइलवर कुणी रील बघत नव्हतं.

अशा बातम्या छापून आल्या की दोन दिवस सगळे हळहळतात. मीही वर्गात हळहळले होते. मग एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्या कलम १९ मध्ये किती स्वातंत्र्यं आहेत?" मी सहा म्हटलं आणि मोजताना पाचव्यावर अडखळले. तुम्ही करून बघा, कागद न बघता.

पण या पाहण्यांत एक गोम आहे आणि तीच तुमच्या फेरीतही होती. दोन्ही बाजूंना प्रश्न एकच विचारला जातो, पण एका बाजूला तो सोयीचा असतो आणि दुसऱ्या बाजूला गैरसोयीचा. कार्टूनचं पात्र ओळखू यावं म्हणूनच जन्माला घातलेलं असतं. भीमचं भगवं धोतर, उघडं अंग. डोरेमॉनचा निळा गोळा, कान नाहीत. मोटू लाल कुर्त्यात, पतलू पिवळ्यात. चित्रकार मंडळी पात्र ठरवताना ते आतून काळंकुट्ट भरून बघतात. नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखलं गेलं तरच पास. ते कधी म्हातारं होत नाही, कपडे बदलत नाही, पक्षही बदलत नाही. आणि रोज दिसतं.

आता तुमच्या सोसायटीच्या बाहेरच्या चौकातला फ्लेक्स आठवा. 'भावी नगरसेवक' यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. वर कोपऱ्यात टिकलीएवढे पाच-सहा ज्येष्ठ नेते, मधे पांढरा शर्ट घातलेले, हात जोडलेले आणि फोनने गोरे केलेले भाऊ, खाली शुभेच्छुकांचे तीस चेहरे, सगळे एकाच स्टुडिओतून आल्यासारखे. पुढच्या आठवड्यात त्याच बांबूंवर दुसरे भाऊ. नऊ वर्षांच्या मुलीने यातून कुणाला आणि का ओळखावं? आणि तुम्ही फेरीत दाखवलेले जुने फोटो बहुधा काळे-पांढरे, टोपी घातलेल्या गंभीर माणसांचे. तिला ते सगळे कुणाचे तरी पणजोबा वाटले असतील, आणि त्यात तिची काही चूक नाही.

मुलांनी जे चार नेते ओळखले तेही बघा. टिळकांची पगडी आणि मिशा. बाबासाहेबांचा निळा कोट, हातात संविधान. गांधीजींचा गोल चष्मा. स्वच्छ भारतच्या बोधचिन्हात तर माणूसच नाही, नुसता चष्मा आहे आणि तरी काम भागतं. आणि पंतप्रधान रोज दिसतात. म्हणजे नेताही ओळखला जातो तो चित्र झाल्यावर किंवा सारखा समोर आल्यावर. एस. एम. जोशी यांपैकी काहीच झाले नाहीत. यावरून ते लहान ठरत नाहीत. फोटो दाखवून नाव विचारणं ही त्यांची परीक्षाच नव्हती.

मराठीत 'ओळख' हा शब्द मोठा लबाड आहे. चेहरा पाहून नाव सांगता येणं ही एक ओळख. आणि "काळजी करू नका, वॉर्ड ऑफिसात आपली ओळख आहे" ही दुसरी. पहिली तुमच्या प्रश्नमंजूषेत उपयोगी पडते, दुसरीवर आपलं निम्मं सार्वजनिक आयुष्य चालतं. नागरिकाला खरं म्हणजे तिसरीच हवी असते: अमुक काम कुणाचं आहे याची ओळख. ती असली की दुसरीची गरज कमी होते.

हे मला फार उशिरा उमगलं. माझा एक विद्यार्थी होता, मंत्रिमंडळ खातेवाटपासह घडाघडा म्हणायचा. शिक्षणाधिकारी तपासणीला आले की मी त्यालाच उभा करायची. वीस वर्षांनी तो माझ्याकडे आला. वडील गेले होते, मृत्यू दाखल्यात नाव चुकलं होतं, आणि दुरुस्ती कुठे होते हे त्याला माहीत नव्हतं. एका एजंटाने पैसे मागितले होते. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर होणारं काम ते! मी त्याला दळणवळण मंत्री कोण ते शिकवलं होतं आणि ती खिडकी शिकवायची राहून गेली होती. नागरिकशास्त्राची ती थोडी पानं आपण इतिहासाच्या पुस्तकाला मागे जोडतो आणि वर्ष संपता संपता उरकतो, मीही उरकायची.

गंमत म्हणजे आपल्या निवडणुकीने चेहरा माहीत असण्याची अट कधीच घातली नाही. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती, म्हणून चिन्हं आली. बैलजोडी, झोपडी, पणती. आप्पांना विचारा, ती त्यांना उमेदवारांच्या नावांपेक्षा जास्त आठवत असतील. मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो आला तो २०१५नंतर, आणि तोसुद्धा एकाच नावाच्या दोघातिघांत मतदाराचा घोटाळा होऊ नये म्हणून. आणि मतदार जागृतीसाठी निवडणूक आयोगाने २०२३मध्ये कुणाला बोलावलं माहीत आहे? चाचा चौधरीला. आयोगाने त्याचं कॉमिकच काढलं. ज्याच्यावर तुम्ही रागावला आहात त्या जमातीकडेच आयोग गेला.

तेव्हा कार्टून बंद करण्याचा तुमचा उपाय मला पटलेला नाही. मे महिना, उन्हाचा कडाका, मुलगी घरात, आणि तिच्या आवडत्या गोष्टीची जागा घेतली पाठांतराने. याने ती यशवंतरावांना ओळखेल, पण त्यांच्यावर तिचा कायमचा राग बसेल. पाढ्यांचं आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत तेच झालं. तास ठरवून द्या, जेवताना बंद ठेवा, तो घरचा प्रश्न आहे. पण शिक्षा म्हणून नको, आणि नेत्यांच्या नावाने तर नकोच.

त्यापेक्षा एक दिवस तिच्याशेजारी बसून अख्खा भाग बघा आणि मग प्रश्न विचारा. भीमच्या ढोलकपूरचे राजे इंद्रवर्मा कधी निवडून आले? गावावर संकट आलं की राजा काय करतो? भीमला हाक मारतो. मग राजा कशाला आहे? भीमने लाडू खाऊन पाच दरोडेखोर लोळवले, पण ढोलकपूरचा रस्ता कोण दुरुस्त करतं? टुनटुन मावशीचे लाडू भीम न विचारता घेतो, त्याची तक्रार तिने कुणाकडे करायची? नऊ वर्षांची मुलं यावर तासभर वाद घालतात. मी घालताना पाहिली आहेत. राज्यशास्त्र याहून फार वेगळं नसतं.

आणि खरं सांगू का, माझी काळजी तुमच्या काळजीच्या नेमकी उलट आहे. मुलं नेत्यांना ओळखत नाहीत याची मला भीती वाटत नाही. मोठी माणसं नेत्यांना पात्रांसारखं ओळखतात, त्याची वाटते. एक आपला भीम, एक त्यांचा कालिया, म्हणजे भीमचा प्रतिस्पर्धी. आपल्याने लाडू पळवले तरी कौतुक, त्यांच्याने पळवले तर चोरी. पडद्यावरच्या ओळखीचं मतांत रूपांतर होतं हे आपण पाहिलेलं आहे. दूरदर्शनच्या रामायणात सीता झालेल्या दीपिका चिखलिया आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ साली गुजरातमधून खासदार झाले. महाभारतातले कृष्ण, आपले नितीश भारद्वाज, १९९६ साली जमशेदपूरहून लोकसभेत गेले. युक्रेनमध्ये झेलेन्स्की यांनी मालिकेत राष्ट्राध्यक्ष झालेल्या शिक्षकाची भूमिका केली, आणि २०१९ साली लोकांनी त्यांना खरोखरच राष्ट्राध्यक्ष केलं. त्यांच्या पक्षाचं नावसुद्धा मालिकेचंच. यातलं कोण चांगलं निघालं, कोण नाही, हा वेगळा विषय. मुद्दा इतकाच, की चेहरा ओळखीचा आहे म्हणून माणूस ओळखीचा वाटतो. मतदाराने सगळ्यात आधी याच भावनेपासून सावध राहायला हवं. तुम्ही मुलीला नेमका याच भावनेचा सराव देता आहात.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. "यांनी माझ्यासाठी काय केलं?" तुम्हाला तो उद्धट वाटला. मला वाटतं, त्या संध्याकाळी सोसायटीत हा एकच प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो तिला तीन दिवस उशिरा सुचला. भीमने काय केलं हे तिला माहीत असतं, म्हणून भीम तिच्या लक्षात राहतो. तुम्ही तिला नाव, जन्मसाल आणि पद दिलंत. त्यात गोष्ट कुठे आहे?

गोष्ट तुमच्या घरात आहे, आतल्या खोलीत. आप्पांना विचारा, त्यांची हायस्कूलची फी कुणी भरली. मला माहीत नाही, पण त्यांच्या वयाच्या किती तरी जणांचं शिक्षण ई.बी.सी. सवलतीवर झालं. यशवंतराव मुख्यमंत्री असताना कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना ती फी माफी मिळाली. आप्पांच्या बाबतीत तसं असेल तर तुमचं उत्तर तयार आहे: या टोपीवाल्या आजोबांमुळे तुझे आजोबा शिकले, ते शिकले म्हणून मी शिकलो, आणि म्हणून तू आज या फ्लॅटमध्ये एसी लावून भीम बघते आहेस. नसेल तर दुसरा धागा शोधा. तुमचं मूळ गाव असेल तर तिथली जिल्हा परिषद १ मे १९६२ला सुरू झाली, तीही त्यांच्याच काळात. दुष्काळाच्या आठवणी असतील तर रोजगार हमीचे वि. स. पागे निघतील. तो विचार आधी महाराष्ट्रात रुजला आणि २००५ साली देशाचा कायदा झाला. प्रत्येक घराला एखादा तरी असा धागा असतो. आणि काही नेत्यांच्या बाबतीत नसलाच तर "काही नाही केलं" हेही तिला प्रामाणिकपणे सांगा. तेही नागरिकशास्त्रच.

दुसरं काम तिच्याबरोबर करा, तिच्या हाताने. तिला तिच्या जगातली एक अडचण विचारा: बागेतला तुटलेला झोका, शाळेच्या वाटेवरचा बंद दिवा, पदपथावर लावलेल्या गाड्या. मग दोघांनी मिळून शोधा की हे काम नेमकं कुणाचं. दिवा महापालिकेचा की महावितरणचा, गाड्या महापालिकेच्या की वाहतूक पोलिसांच्या. हे शोधताना तुमचीच तारांबळ उडेल, उडू द्या. मग चार नगरसेवकांची नावं काढा आणि तिला पोस्टकार्डावर चार ओळी लिहू द्या. चौघांनाही एकच मजकूर. कोण उत्तर देतं याचा तक्ता फ्रिजवर लावा.

लंडनच्या बेकर स्ट्रीटवर २२१ बी हा शेरलॉक होम्सचा पत्ता. लोक तिथे पत्रं पाठवत राहिले, आमची हरवलेली वस्तू शोधून द्या म्हणून. त्या जागी एका पतसंस्थेचं कार्यालय होतं. तिने शेवटी या पत्रांना उत्तरं द्यायला एक माणूस नेमला. कधीच नसलेल्या माणसाच्या नावाने आलेल्या पत्राला उत्तर जात असे. तुमच्या मुलीला तिच्या चार असलेल्या माणसांकडून काय येतं ते बघा. जपानच्या कावासाकी शहराने तर २०१२ साली डोरेमॉनला रीतसर रहिवासी दाखला दिला, त्याच्या जन्माला शंभर वर्षं अवकाश असताना. आपल्याकडे जन्मलेल्यांना डोमिसाइलसाठी सेतूत किती खेटे घालावे लागतात ते आठवून मी जरा वेळ हसले.

हे खेड्यातल्या वाचकांना विचित्र वाटेल. तिथे पोरालाही सरपंच माहीत असतो, त्याची मोटारसायकल, त्याची विहीर आणि त्याचं कुणाशी पटत नाही हेसुद्धा. कारण नळाला पाणी न येण्याचं कारण गल्लीत राहतं. शहरात ते कारण चार जणांत आणि तीन खात्यांत वाटलेलं असतं, म्हणून चेहरा तयारच होत नाही. या विषयावर मला शिक्षकांचीही पत्रं येतात. त्यांना माझं सांगणं हेच: वर्गात फोटो लावायचेच असतील तर मंत्रिमंडळाच्या शेजारी ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका आणि वॉर्ड ऑफिसचा पत्ता लावा. मुलांना यांची गरज आधी पडते.

आता कमिटी. फेरी काढून टाकू नका, बदला. चेहरा दाखवून नाव विचारण्याऐवजी प्रसंग द्या आणि 'कुणाकडे जाल?' असं विचारा. कचरा उचलला नाही. रेशनकार्डात नाव घालायचंय. सातबाऱ्यात चूक आहे. कायदाच बदलायला हवा आहे. आमदाराचं काम आणि नगरसेवकाचं काम यातला फरक निम्म्या मोठ्यांना येणार नाही, मुलं जिंकतील, आणि मागच्या रांगेतले लोक फोनमध्ये डोकं घालतील. फोटोंची हौस असेल तर मधेच आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन टाका आणि विचारा, हा पात्रांच्या फेरीतला की नेत्यांच्या? चौकड्यांचा कोट, धोतर, तोंडातून शब्द नाही. त्याच्यासमोरचे मंत्री बदलत गेले, तो तसाच राहिला. १९८८ साली त्याच्यावर टपाल तिकीट निघालं. मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी त्याचा पुतळा आहे, आणि तुमच्या पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारातही. एका रविवारी मुलीला घेऊन जा. पुतळ्यापाशी तिला सांगू नका की तो कोण, तिलाच ओळखू द्या.

राहता राहिले आप्पा. त्यांना काय सांगू, असं तुम्ही विचारलं आहे. मला वाटतं काही सांगू नका. मुलं एस. एम. जोशींना ओळखत नाहीत हे त्यांना त्या दिवशीच कळलं असं नव्हे, ते त्यांना माहीत असणारच. पण हुतात्म्यांच्या त्या दिवसाच्या नावाने भरलेल्या कार्यक्रमात, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला माणूस पाच सेकंदांत 'पुढचा फोटो' झाला, आणि माइक त्यांच्या मुलाच्या हातात होता. मी त्यांच्या जागी असते तर मीही उठले असते. तुम्ही त्यांना आधी विचारलं होतं का, की आप्पा, यातले तुम्ही कुणाकुणाला पाहिलंय? पत्रावरून तरी विचारलेलं दिसत नाही. आता विचारा. कार्टून बंद केल्याने त्यांना बरं वाटलं असेल असं समजू नका. नात गप्प बसलेली त्यांनाही दिसतेच.

पुढच्या १ मेला फेरीतले तीन फोटो त्यांच्याकडे द्या. त्यांनी नाव सांगायचं नाही, त्या माणसाबद्दल स्वतः पाहिलेलं किंवा घरात ऐकलेलं एक सांगायचं: सभेला किती गर्दी होती, आवाज कसा होता, घरी परत येताना वडील काय म्हणाले. मुलांनी मग विचारायचं आणि ओळखायचं. तोवर वर्षभर नातीला रंगीत तालीम घ्यायला सांगा. ती म्हणेल, आजोबा, हे बोअर आहे, हे सांगा, ते नको. तिचं ऐकायला लावा. प्रत्येक फोटोला पाच मिनिटं आणि घड्याळ तिच्या हातात. आप्पा पाच मिनिटांत थांबणार नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, म्हणून त्यांचा नंबर शेवटी ठेवा, जेवणाच्या आधी.